काखेतलं कार्यालय

कोल्हापूरच्या एका जुन्या पेठेत वृषाली तिबिलेचं ऑफिस चहा पिऊन पिऊन सुटलं, आणि ते मिटून काखेत मारायची सोय उरली नाही.

पत्तेदुरुस्ती खात्याने तिला ते नवंकोरं दिलं होतं. मिटलं की पेटीएवढं. उघडलं की एक टेबल, एक खुर्ची आणि ताटलीएवढा पंखा. लोकांच्या ओट्यावर मांडायचं आणि पत्त्यातल्या चुका जागच्या जागी दुरुस्त करायच्या. मुख्यालयाच्या तळघरात अकरा वर्षं सगळे तिला ‘सात नंबर टेबल’ म्हणत. इथे आठवड्यात अख्ख्या बोळाला तिचं माहेर ठाऊक झालं. तिला इथून हलायचं नव्हतं.

चूक पेठेचीच. ओट्यावर बसलेल्याला चहा द्यायचा, ही तिथली रीत, आणि ऑफिसही ओट्यावरच बसायचं. पहिला कप शेजारच्या बायाक्कांनी दिला. “दारात आलेल्याला च्याबिगर कसं बसवायचं?” त्यांचं म्हणणं. मग खारी आली, पोहे आले. ऑफिस कशालाच नाही म्हणेना. दिवाळीपर्यंत त्याला दुसरी खुर्ची फुटली आणि मागच्या अंगाला खिडकी आली.

मुख्यालयाला कुणकुण लागलीच. तपासनीस कुलथे महिन्याने येतील, असं पत्र आलं. काखेत न मावणारं कार्यालय ही शाखा समजली जाईल, शाखेला मॅनेजर नेमला जाईल आणि श्रीमती तिबिले तळघरात परततील.

तालमीच्या हिंदुराव वस्तादांनी ऑफिस चारी बाजूंनी दाबून पाहिलं. “ताई, म्हैनाभर माझ्याकडं सोडा. हाड चांगलं हाय. बसून बसून सुटलंय.”

ऑफिस रोज पहाटे तालमीत जाऊ लागलं. चहा बंद झाला. खण बाहेर काढून जोर, टेबलाच्या पायांवर बैठका. पण उपाशीपोटी मेहनत वस्तादांना मान्य नव्हती. त्यांनी दूध-बदाम सुरू केले. महिन्याअखेर ऑफिस तसूभरही आटलं नव्हतं, फक्त दणकट झालं होतं. वृषाली तालमीच्या पायरीवर बसून सगळ्यांदेखत रडली. वस्ताद खाली मान घालून उभे राहिले.

कुलथे आले. टेप लावून त्यांनी मापं घेतली आणि वृषालीला कार्यालय उचलायला सांगितलं. तिने कंबर कसली, दोनदा जोर लावला. ते जागचं हललं नाही. तिसऱ्यांदा ती वाकली तेव्हा तिची ओढाताण ऑफिसलाच बघवेना. त्याने डावा खण लांब केला, तिला अलगद काखेत घेतलं आणि बोळाच्या टोकापर्यंत जाऊन परत आलं. त्याला धापही लागली नाही.

कुलथे टेप धरून मागोमाग चालत होते.

“त्रास काही?” त्यांनी वृषालीला विचारलं.

“नाही साहेब. वारंही लागतं.”

“दोघं बरोबर पोचता ना?”

“पोचतो.”

कुलथ्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली आणि शेऱ्यात ‘काखेत मावते’ असं लिहिलं. कोण कोणाच्या, ते लिहायला रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑफिस वृषालीच्या दाराशी येऊन थांबलं. तिची वेणी अजून व्हायची होती. तिने ती घाईने घातली, चपला पायात सरकवल्या, ओढणी खोचली आणि दोन्ही हात थोडे वर केले.