प्रधानजी पुन्हा जेवायला बसले

पुस्तकांचं दुकान चालवणारी दोघं भावंडं, मालक आणि ताई, त्यांना आपसात ‘उभे काका’ म्हणत. जेवण उरकलं की काका दुकानात यायचे, मागच्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढायचे आणि चहाच्या वेळेपर्यंत उभ्यानेच वाचायचे. विकत घेण्याचं नाव नाही. मग पुस्तक होतं तिथे ठेवायचं, गल्ल्यावर बसलेल्या ताईंना ‘येतो हं’ म्हणायचं आणि घरी. बायको गेल्यापासून घरात दुपार संपता संपत नसे, आणि इथे ती कशी संपते ते कळतही नसे.

पुस्तक कुठल्याशा बुडालेल्या राजघराण्याचं होतं. त्यात लढाया होत्या, दरबारी पोशाखांची रंगीत चित्रं होती, आणि पंगतीपासून अंत्ययात्रेपर्यंतचे सगळे रीतिरिवाजही होते. ते इतिहासात लावावं, फॅशनमध्ये की संस्कृतीत, हे मालकांना काही केल्या ठरवता येईना. शेवटी हे तिन्ही विभाग जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, पाठ नसलेल्या एका कपाटात त्यांनी ते उभं केलं. तिथे उजेड कमी. शेजारी टोप्यांचा इतिहास, सुतकात घालायच्या कपड्यांवरचा एक काळा ग्रंथ, आणि मुखवट्यांवरचं एक पुस्तक, ज्याच्या कण्यावर दोन डोळे छापलेले. काकांनी सुरुवातीला ही सगळीच चाळून पाहिली होती, पण मुक्काम केला तो राजघराण्यात.

पुस्तकाला खुणेसाठी लाल रेशमी फीत होती. काका तिच्या भरवशावर असत. फुकट वाचणाऱ्याने पानाचा आकडा लिहून ठेवणं त्यांना निर्लज्जपणाचं वाटे.

एका दुपारी दरबारातले प्रधानजी विषप्रयोगाने मेले. उंच काळ्या कॉलरचे, बारीक डोळ्यांचे हे प्रधानजी काकांचे फार आवडते. काकांनी जड मनाने फीत घातली आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं, तर प्रधानजी मेजवानीत बसून दुसऱ्यांदा वाढून घेत होते. लेखकाने मागची आठवण सांगितली असेल, असं काकांनी स्वतःला समजावलं. त्याच्या पुढच्या दिवशी फितीपाशी एकदम राणीचा नातू गादीवर बसलेला. राणीचं अजून लग्नसुद्धा झालं नव्हतं. आणि आठवडा उलटायच्या आत प्रधानजी पुन्हा विष पिऊन मेले. त्याच शब्दांत, त्याच पलंगावर.

काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी पान उलटलं. तिथे प्रधानजींचं पानभर चित्र होतं आणि ते सरळ काकांकडेच बघत होते. काकांनी पुस्तक मिटलं, तर बाजूच्या कण्यावरचे दोन डोळे. मन दुसरीकडे वळवावं म्हणून संस्कृतीच्या कपाटातून हाताला लागेल ते काढलं आणि मधूनच उघडलं. मेलेला माणूस परत येऊ नये म्हणून लोक काय काय करतात, त्यावरचंच प्रकरण निघालं.

भुताखेतांवर काकांचा विश्वास नव्हता, आणि खरी भीती तिथेच होती. भूत नाही, म्हणजे बिघाड आपल्याच डोक्यात. त्यांचे थोरले बंधू शेवटी शेवटी चहाचा रिकामा कप हातात धरून चहा कधी मिळणार म्हणून विचारत. त्यांचंही असंच, नकळत सुरू झालं होतं. सगळी लाज गुंडाळून काकांनी पानाचा आकडा तळहातावर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी आकडा आणि फीत यांचा मेळ बसेना. आता आपल्याला आकडेही धड लिहिता येत नाहीत, असं समजून ते आणखीच खचले.

मुलाशी फोनवर बोलताना हे त्यांच्या तोंडून निसटलं. मुलगा लांबच्या शहरात राहायचा आणि काळजी करण्यात आईवर गेला होता. प्रधानजी दोनदा मेल्याचं त्याने पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, “बाबा, मोठ्या काकांचं आठवतंय ना? पुन्हा असं काही झालं तर मी येतो. घर बंद करू आणि तुम्ही आमच्याकडेच राहा.”

मुलाचं घर चौदाव्या मजल्यावर होतं. दिवसभर तिथे कोणी नसे. खिडकीतून दुसऱ्या चौदाव्या मजल्याची खिडकी दिसे. काकांना ती रात्र झोप लागली नाही, आणि सकाळी मालक शटर उघडत होते तेव्हा काका पायरीवर हजर होते.

“मालक, एक विचारतो, हसू नका,” काका हळू आवाजात म्हणाले. “त्या मागच्या पुस्तकातला प्रधान मेलाय की जिवंत आहे?”

मालक हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. काकांना बाजूला घेऊन त्यांनी जे सांगितलं ते असं. काकांचं पुस्तक लवकर संपावं आणि त्यांनी एकदाचा कोपरा मोकळा करावा, म्हणून मालक काही दिवसांपासून रोज संध्याकाळी फीत बरीच पुढे सरकवून ठेवत. थेट ‘येऊ नका’ म्हणायला जीभ रेटत नव्हती. पण पहिल्याच दिवसापासून फीत आपोआप मागे जायला लागली होती. “मी रोज पुढे ठेवतो आणि दुपारी बघतो तर ती मागे गेलेली असते. देवाशपथ सांगतो काका, हल्ली मी त्या कोपऱ्यात एकटा जात नाही.”

एरवी काका भडकले असते. पण निम्मा घोटाळा माणसाने केलाय हे कळल्यावर त्यांच्या जिवात थोडा जीव आला. उरलेला निम्मा कोण करतं, एवढाच प्रश्न होता. ‘तुम्ही पुढे’, ‘नाही, तुम्ही पुढे’ करत दोघे कोपऱ्यापर्यंत पोहोचले. फीत मालकांनी ठेवलेल्या जागीच, शेवटच्या प्रकरणात होती. पुस्तक परत लावून दोघे फॅशनच्या कपाटाआड अंग चोरून उभे राहिले.

बराच वेळ काही झालं नाही. मग ते पुस्तक हललं. कोणी हात न लावता ते कपाटात मागे मागे सरकत गेलं आणि पलीकडच्या अंधारात दिसेनासं झालं. पानांची सळसळ ऐकू आली. मालकांनी काकांचा दंड आवळला. थोड्या वेळाने पुस्तक तसंच हळूहळू पुढे आलं, आणि त्याच्या मागून एक गोरा, बारीक हात आला. बोटांनी चाचपडत त्याने पुस्तक शेजाऱ्यांच्या ओळीत नीट बसवलं.

पळून जावं, असं मालकांना वाटलं. काकांनाही वाटलं. पण काकांना मागे चौदावा मजला दिसत होता. त्यांनी डोळे मिटले, कपाटात हात घातला आणि तो हात घट्ट धरला. तो गरम होता, आणि मनगटावर घड्याळ होतं.

“अहो, हळू,” कपाटापलीकडून ताईंचा आवाज आला. “हात मोडाल माझा.”

काका आयुष्यात पहिल्यांदा त्या दुकानात खाली बसले. हात मात्र सुटला नाही.

ताईंनी पलीकडूनच कबुली दिली. दादा फीत पुढे सरकवतो हे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी पाहिलं होतं. तेव्हापासून सकाळी आल्या आल्या त्या ती अंदाजाने मागे आणून ठेवत. एखाद्या सकाळी गिऱ्हाइकांमुळे जमत नसे. मालक तणतणायला लागले, तेव्हा ताई म्हणाल्या, “पुस्तक संपलं की हे यायचे बंद होतील, दादा. दिवसभर किती लोक येतात इथे, पण जाताना ‘येतो’ म्हणून सांगणारे हे एकटेच आहेत. मला ते ऐकायचं असतं.”

हे ऐकून काकांना आनंदाने रडायलाच आलं. डोकं शाबूत होतं. आकडे बरोबर होते. प्रधानजी एकदाच मेले होते, आणि खरं तर अर्ध्याहून जास्त पुस्तक अजून वाचायचं होतं. त्यांनी मोकळ्या हाताने फोन काढून मुलाला लावला.

“अरे, मी अगदी ठणठणीत आहे,” काका म्हणाले. “सगळा उलगडा झाला. प्रधानजींना मालक रोज संध्याकाळी मारायचे आणि सकाळी ताई त्यांना जिवंत करायच्या.”

मग मुलाने जपून विचारलं, “बाबा, तुम्ही आत्ता कुठे आहात?”

“दुकानात. खाली जमिनीवर बसलोय, ताईंचा हात धरून.”

“कोण ताई? व्हिडिओ लावून मला दाखवा बरं.”

“त्या कशा दिसतील? कपाटातून फक्त हात आलाय.”

हे ऐकून ताईंनीच कपाटातून आवाज दिला. “खरं सांगतायत ते. जिवंत मीच करत होते. तुम्ही काही काळजी करू नका, आम्ही त्यांना सोडणार नाही.”

फोन कट झाला. काकांनी डोळे पुसले आणि समाधानाने मालकांकडे पाहिलं.

“पटलं बघा त्याला,” ते म्हणाले.