केराबाईचा स्लॅब

त्या वर्षी बाजारात आलेल्या सिमेंटला पाणी चालत नसे. ते घट्ट व्हायला अठ्ठावीस दिवस माणसाचं रडणं लागे. गोणीवर तसं छापलेलंच होतं: दिवसातून तीन वेळा, मनापासून. खाली बारीक अक्षरात: वापरलेलं दुःख परत मिळणार नाही.

केराबाईने तीस वर्षं स्लॅबवर पाणी मारलं होतं. वर मातीचे बांध घालून आळी करायची, त्यात पाणी तुंबवायचं, खांबांना ओलं गोणपाट गुंडाळायचं. तिने पाणी मारलेला स्लॅब कधी गळला नाही, आणि हे ती भल्याभल्यांना तोंडावर सांगे. आता मुलींच्या वसतिगृहाचा स्लॅब ओतून झाला आणि दस्तगीर मुकादमाने तिच्या हातातली नळी काढून घेतली.

मयताला हमखास रडणाऱ्या चार बाया त्याने गावातून आणल्या. सात दिवस त्यांनी गळा काढला. आठव्या दिवशी होनराव इंजिनिअरांनी स्लॅबवरच ठेवलेला, त्याच मालाचा नमुन्याचा ठोकळा यंत्रात दाबला, तर तो चहातल्या बिस्किटासारखा खचला. साहेबांनी वहीत लिहिलं: रडणं निकृष्ट.

"ह्या बाया तेराव्याच्या लाडवांवर डोळा ठेवून रडतात," केराबाई म्हणाली. "तुला सिमेंट कळतं, दस्तगीर. रडणं कळत नाही."

"मग काय करू, आक्का? स्लॅब तोडायचा म्हटला तर पोरी अजून वर्षभर पत्र्यात."

केराबाईने पत्र्याच्या शेडकडे पाहिलं. चाळीस पोरी आणि एक पंखा.

"सरक," ती म्हणाली. "मी रडते."

मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.

तिची सुलोचना तापाने गेली होती, नवव्या वर्षी. त्याला बावीस वर्षं झाली. त्याबद्दल केराबाई कधी कुणाशी बोलली नव्हती, चारचौघांत तिने डोळ्याला पदर लावला नव्हता. आता ती शिडीने वर जाई, उन्हात मांडी घालून बसे आणि स्लॅबला सांगत सांगत रडे. नुसतं पाणी गाळून भागत नसे, सगळं सांगावं लागे. साहेब शेजारी छत्री धरून नोंद घेत.

दहाव्या दिवशी खाली उतरताना ती थांबली. "साहेब, तिचा फ्रॉक कसला होता?"

साहेबांनी वही चाळली. "तुम्हीच परवा सांगितलंत. पिवळा. खिशावर बदक."

"असेल," केराबाई म्हणाली.

पंधराव्या दिवशी पोरीचा चेहरा आठवेना. तिने विचारलं, "इथंच रडायची थांबले तर?"

"कच्च्या स्लॅबखाली कुणाला झोपवता येत नाही, बाई. तोडावा लागेल."

"विचारलं फक्त. मी काम टाकून पळणारी नव्हे."

एक गोष्ट मात्र तिने दाताखाली धरून ठेवली होती. शेवटच्या सकाळी पोर म्हणाली होती, "आये, पाय दाब." तो आवाज तिने स्लॅबला दिला नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळा दाबला. ताकदीचे पंचवीस हवे होते, चोवीस भरले.

"थोडं कमी पडतंय," साहेब खाली बघत म्हणाले. "अजून एक ठोकळा आहे. उद्या दाबू."

केराबाई बराच वेळ शिडीपाशी उभी राहिली. शेडमध्ये पोरी पाढे म्हणत होत्या. मग तिने पदर खोचला आणि ती वर गेली. लवकरच उतरली. डोळे कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी सत्तावीस भरले.

स्लॅबखालच्या आधाराच्या फळ्या निघाल्या, पोरी आपापल्या ट्रंका घेऊन आत गेल्या. केराबाई त्यांना दारं-खिडक्या दाखवत हिंडली, खुशीत होती. दस्तगीर अवघडून म्हणाला, "आक्का, पुढच्या महिन्यात टाकीचं काम निघालंय. तुमचं नाव लावू?"

"लाव की. पण पाणी मारायला लाव. रडायला मी कशी येणार? माझं कुणी कधी गेलेलं नाही."

दस्तगीरने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी वही मिटून काखेत धरली.

मग मुकादमाने पाणी मारणाऱ्यांची यादी काढली आणि तिच्यात केराबाईचं नाव लिहिलं. त्या यादीत दुसरं नाव नव्हतं.