डाव्या चाकाचा मान

जालिंदर पिसाळांच्या गाडीचं पुढचं डावं चाक दसऱ्यापासून रुसलं होतं, आणि त्यांना ते कळलं थेट माघात, लेकीच्या लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा.

पिसाळ कोरेगावात तलाठी. आयुष्य जबाब आणि पंचनाम्यांत गेलेलं, पण घरच्या गाडीचं दुखणं काही त्यांना ओळखता आलं नाही. गाडी तशी गुणी. मात्र वेग वाढवायला पाय दिला रे दिला की पुढचा भाग असा थरथरायचा, की स्टिअरिंगवरच्या हातातलं घड्याळ खुळखुळायचं. सपाटीवर कसंबसं निभायचं. घाटात चढाला पाय द्यावाच लागतो, तिथं गाडी सरळ नाही म्हणायची.

आणि घाट तर चढायलाच हवा होता. वर मूळ गावी थोरले भाऊ राहत होते, आप्पा. अकरा वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. ऋतुजाला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली ती आप्पांनीच, आणि तिच्या डोक्यावर अक्षता टाकायला तेच नाहीत, ही गोष्ट पिसाळांच्या घशाखाली उतरत नव्हती.

"फोन तरी करून बघा," त्यांची बायको कांचन म्हणाली.

"केला की. म्हणाले, फोनवर बोलावलंस तर मी फोनवरच जेवीन."

"मग एसटीनं जा."

"न्यायला जायचं आणि एसटीत उभं करून आणायचं? आणखी अकरा वर्षं जातील, बाई!"

शेवटी गाडी इलाहीभाई अत्तारांच्या गॅरेजात नेली. इलाहीभाईंनी चाकांचं बॅलन्सिंग पाहिलं, अलाइनमेंट पाहिलं, ॲक्सलचे सांधे हलवून पाहिले. कुठं काही सापडेना. मग त्यांनी फडक्याला हात पुसले.

"तलाठीसाहेब, पाय काढला की थरथर थांबते?"

"लगेच."

"ब्रेक मारल्यावर?"

"अजिबात नाही."

"मग रुसलंय," इलाहीभाई म्हणाले. "ब्रेकला थरथरलं असतं तर भ्यालंय म्हटलं असतं. आणि पाय काढूनही थांबलं नसतं, तर चाकाकडे बघायचंच नाही, वर बसलेल्याकडे बघायचं. हे नुसतं पाय दिल्यावर थरथरतंय. याचा जबाब घ्यावा लागेल."

जबाब घ्यायला गाडी जॅकवर उचलली, कारण जमिनीला टेकलेलं चाक मालकासमोर मोकळं बोलत नाही. पिसाळांना बाहेर बाकावर बसवलं. तासाभरानं इलाहीभाई दोन प्रती घेऊन आले. पिसाळांनी सवयीनं आधी खालची बाजू पाहिली. डाव्या अंगठ्याच्या जागी डाव्या टायरचा ठसा होता. जबाब नियमात होता.

"दसऱ्याला उजव्या चाकास हळद-कुंकू, झेंडूची माळ व नारळ मिळाला. माझी बाजू गटाराकडे असल्याने मालक तिकडे आले नाहीत. मालकीणबाई म्हणाल्या, याचं राहिलं की. मालक म्हणाले, राहू दे, घरचंच चाक आहे. तेव्हापासून मालकांनी घाई केली की मला भरून येतं. अन्य तक्रार नाही."

पिसाळांनी जबाब दोनदा वाचला. तिसऱ्यांदा त्यांची नजर फक्त 'घरचंच' या शब्दावर थांबली. अकरा वर्षांपूर्वी वास्तुशांतीला पाहुण्यांना बांधायला एक फेटा कमी पडला होता. "आप्पांचं राहू दे, ते घरचेच आहेत," असं तेच म्हणाले होते. आप्पा बोडक्या डोक्यानं पंगतीत वाढत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोलणं टाकलं.

"अरे देवा," पिसाळ म्हणाले. "याला उपाय काय?"

"टॉवेल, टोपी, नारळ. चारचौघांत द्यायचं आणि आपल्या हातानं द्यायचं. उरकायचं म्हणून उरकलंत तर परत आणाल गाडी."

दुकानदारानं विचारलं, जोड किती देऊ? पिसाळ म्हणाले, दोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतली माणसं बोलावून पिसाळ गटाराच्या बाजूला मांडी घालून बसले. डाव्या चाकाला कुंकू लावलं, नारळ ठेवला, टॉवेल गुंडाळला. टायरच्या मापाची टोपी मिळत नाही, म्हणून ती मधल्या वाटीवर बसवली. "चुकलं माझं," ते म्हणाले. आळीनं टाळ्या वाजवल्या. गाडी एका दमात घाट चढून गेली, आणि वाटेत टोपी जराही कलली नाही.

आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी भावाकडे पाहिलं नाही, चाकाकडे पाहिलं.

"याला कधी घातलीस?"

"आज सकाळी."

"माझ्या आधी?"

"आप्पा, त्याची समजूत काढली नसती तर तुमच्यापर्यंत आलोच नसतो."

आप्पांनी चाकावरची टोपी पुन्हा एकदा निरखली. "मग बरोबर आहे," ते म्हणाले आणि डोकं पुढं केलं.

पिसाळांनी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि पाया पडले. "घरचे घरचे म्हणत तुम्हालाच विसरलो, आप्पा. ऋतुजाच्या लग्नाला चला."

"चला म्हणजे काय? पिशवी भरून ठेवलीय सोमवारपासून," आप्पा म्हणाले. "किती वाट बघायची माणसानं!"

आप्पा पुढं, डाव्या बाजूला बसले. उतार संपेपर्यंत दोघं पावसापाण्याचं बोलत होते. सपाटी लागली तसा पिसाळांनी पाय दिला, आणि डाव्या बाजूनं थरथर जाणवली. त्यांनी पाय काढला. थरथर थांबली नाही.

मग त्यांनी वर बसलेल्याकडे पाहिलं. आप्पांनी नवा टॉवेल तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

"हळू का केलीस?" आप्पा टॉवेलातूनच म्हणाले. "घे की जोरात. पोरगी वाट बघत असेल."

पिसाळांनी पाय दिला. चाक गप्प होतं.