शस्त्राविण पाच दिवसांची हकीकत

श्रीफासेदेवता प्रसन्न असो. मेजावरील राज्याचे तिसरे साल, शरदमासाची अखेरची तिथी, ते दिवशी जे जाहले ते लिहितो. राज्य कागदाचे, डोंगर पुठ्ठ्याचे, परंतु खेळणारी माणसे खरी, आणि कालगणना इरावतीबाई सूत्रधार यांचे हाती, त्या बहुत कडक. निशिकांतराव आणि मंजिरीबाई, उभयता सरदार, औषधाची कुपी घेऊन खिंडीपाशी पावले, आणि गड तेथून तीन दिवसांची वाट, आणि गडावर राणीसाहेब ज्वराने अंथरुणास खिळलेल्या. राणीचा डाव तेजस्विनी खेळत असे. राणी गेली तर तीन सालांचा तिचा खेळ संपला, सबब ती डोळे पुसत होती, आणि आम्हांस फार वाईट वाटले. मग इरावतीबाई बोलिल्या, "उद्या हेमंत लागतो. खिंड बर्फानं बंद." निशिकांतरावांचे तोंडचे पाणी पळाले.

मग मंजिरीबाईंनी पंचांगाचा कागद ओढिला आणि म्हणो लागल्या, "अगं, उद्या हेमंत कसा? मध्ये पाच मोकळे दिवस आहेत ना, कुठल्याच महिन्यात नसलेले!" त्या दिवसांत कोणी शस्त्र धरू नये ऐसा राज्याचा नेम, आणि लढाई नाही तर मौज काय, म्हणून आमचे शूर दरसाल ते दिवस न खेळताच ओलांडीत. लिहिणाराही त्यांतलाच. इरावतीबाईंनी जीभ चाविली. "चुकलंच माझं. घ्या पाच दिवस. पण तलवारी इथंच ठेवायच्या, आणि खिंडीत शत्रूची छावणी आहे."

निशिकांतरावांची तलवार अजगराचे गुहेतून आणिलेली, तीवर त्यांचा भारी जीव. "परत मिळेल ना गं?"

"ते सांगता नाही येत."

मग त्यांनी एकवार तेजस्विनीकडे पाहिले आणि कागदावरील तलवार खोडून टाकिली, आणि मंजिरीबाईंनीही आपली खोडिली, आणि उभयता रिकामे हाती खिंडीत शिरले. पहारेकऱ्याने अडविले. फासा टाकिला, दान चांगले पडले, आणि इरावतीबाई पहारेकऱ्याचे जाड आवाजात बोलिल्या, "आमचंबी पंचांग हेच हाय. शेकोटीला बसा घटकाभर, मग जावा."

तिसरे दिवशी कुपी गडावर पावली. राणीसाहेबांनी औषध घेतले, डोळे उघडिले, आणि तेजस्विनी म्हणाली, "राणीला भूक लागलीय." तेव्हा सारे राज्य हसो लागले.

तात्पर्य, हल्ली ते पाच दिवस दरसाल आवर्जून खेळतात, शत्रूसही जेवावयास बोलावितात. अजगराचे गुहेतील ती तलवार कोणीसे उचलून नेली, ती मिळाली नाही. निशिकांतराव विचारीतही नाहीत.