दोन गोधड्यांखालचं हृदय

थोरल्या नातीचं, कल्याणीचं, लग्न झालं त्याच वर्षी रंगनाथरावांच्या हृदयात स्टेंट बसला. लग्नाची पंगत उठते न उठते तोच छातीत कळ! डॉक्टरांनी तुंबलेली धमनी जाळीच्या नळीने उघडली. पण नेमका तिथेच धमनीला फाटा फुटत होता.

"म्हणजे खडकवासल्याचा रस्ता मोकळा केलात, पण किरकटवाडी फाट्याच्या तोंडावर जाळी उभी केलीत!" आयुष्यभर बस हाकलेल्या रंगनाथरावांनी डॉक्टरांनाच समजावून सांगितलं.

त्या फाट्यात रक्त पुरेसं जातंय का? नसेल, तर पुन्हा ऑपरेशन. या विचाराने त्यांची झोप उडाली.

धाकटी नात सृष्टी इंजिनिअरिंगला. तिने आजोबांच्या स्कॅनवरून कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब धमनी उभी केली आणि तिच्यात आकड्यांचं रक्त सोडलं. गुरुवारी कॉलेजला निघताना ती म्हणाली, "आजोबा, यात तुमचं रक्त वाहतंय. फाट्याचा निकाल आज लागेल. हा कॉम्प्युटर तेवढा बंद पडू देऊ नका."

"बिनधास्त जा! एवढी धूड बस सांभाळली, हा डबा सांभाळणार नाही?"

दुपारी डबा घूंऽऽ करू लागला. रंगनाथरावांनी हात लावला आणि ओरडले, "अगं, हा तापलाय! थरथरतोय पण!"

त्यांच्या बायकोने, विमलाबाईंनी, डब्याला पालथा हात लावून पाहिला. "थंडीताप आहे."

"माझं रक्त आहे गं त्यात!"

"मग तापणारच. काल दोन-दोन आइस्क्रीम कोणी खाल्ली?"

त्यांनी डब्यावर गोधडी घातली. डबा आणखी जोरात घुरघुरला. "धाप लागली!" म्हणत रंगनाथरावांनी दुसरी घातली, खिडक्या लावल्या, कडा नीट खोचल्या.

तेवढ्यात समोरचे सीतारामपंत डोकावले. "कोण आजारी?"

"मी."

"मग पांघरूण याला का?"

"मी याच्या आत आहे."

"बरं. बाहेर आलात की कळवा," म्हणून पंत निघून गेले.

आणि खट्ट! जळका वास आला, कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. रंगनाथराव मटकन पलंगावर बसले. "संपलं. रक्त थांबलं."

विमलाबाईंनी घाबरून त्यांचं मनगट धरलं. "अहो, नाडी तर चालू आहे!"

"टाकीत उरलंय तेवढ्यावर चाललीय."

विमलाबाईंनी मनगट काही सोडलं नाही.

एवढ्यात सृष्टी धापा टाकत आत आली. "आजोबा, फाटा मोकळा आहे! निकाल मघाशीच आपोआप कॉलेजच्या मशीनवर पोचला. मॅडमनी डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, ऑपरेशन नको!"

रंगनाथरावांनी आधी छाती चाचपली, मग डोळे पुसले. सृष्टीची नजर टेबलाकडे गेली. "हे... हे काय केलंत?"

विमलाबाईंनी गोधडीत हात घातला. त्यांचा चेहरा उजळला. "बघ, ताप उतरला!"

रंगनाथराव अजून ठणठणीत आहेत. कॉम्प्युटर त्या गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता वारला.