सात किलोतलं पितळ

निरीक्षकसाहेबांनी विमानाची तिकिटं काढताना एका चौकोनात खूण केली नाही, एवढंच झालं. पुढचं सगळं रामायण त्या न केलेल्या खुणेचं.

तो चौकोन जादा सामानाचा होता. स्वस्तातलं विमान म्हणजे तिकिटात फक्त तुम्ही जाता. तुमच्या कपड्यांचे पैसे वेगळे, खिडकीचे वेगळे, तहान लागली तर तिचेही वेगळे. माणशी हातातली एक बॅग फुकट, तीही सात किलोची. त्यावर काटा गेला की भुर्दंड. लेकीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, जादा सामान घेऊन टाका. उगाच तिथे वाद घालत बसू नका."

"वाद कशाला घालू? सात म्हणजे सात. वजनाचं मला सांगतेस होय गं?"

आता ह्यात तथ्य होतं, नाही असं नाही. साहेबांची उभी हयात वजनमापे खात्यात गेली होती. ते बाजारात शिरले की दुकानदार उगाचच तराजू पुसायला लागत. मापात पाप करणाऱ्या भल्याभल्यांना त्यांनी घाम फोडला होता. तपासून खरा ठरलेल्या काट्यावर ते शिशाचा शिक्का ठोकत आणि शिक्क्यावर त्यांचा क्रमांक असे, चौदा. ह्या चौदाचं त्यांना भारी कौतुक. छत्रीच्या मुठीवर चौदा, जेवणाच्या डब्यावर चौदा, आणि (बाईसाहेब सांगतात, खरंखोटं देव जाणे) लग्नाच्या अंगठीलाही आतून चौदा. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. खुर्ची सुटली होती, काटा सुटला नव्हता. भाजीवालीने प्रेमाने एक टोमॅटो जास्त टाकला तर ते तो परत देत. "जास्त हीसुद्धा चूकच, बाई." भाजीवाली मग पुढच्या वेळी कमी टाकी.

तर लेकीला बाळ झालं होतं. पहिलं नातवंड. बाईसाहेबांनी बाळासाठी गोधडी शिवली होती, लेकीच्या लहानपणीच्या झबल्या-फ्रॉकांची. शाळेच्या पहिल्या दिवशीचा पिवळा फ्रॉक, शाई सांडलेला निळा, मांजरीने ओरबाडलेला लाल, सगळे चौकोन होऊन शेजारी शेजारी बसले होते. शिवता शिवता बाई कधी हसत, कधी डोळे पुसत. साहेबांनी ती गोधडी पहिल्यांदा नीट पाहिली ती ताणकाट्याला टांगलेली. दाराच्या चौकटीला त्यांनी काटाच अडकवून ठेवला होता.

"तीन किलो!" साहेब ओरडले. "अगं, हिच्यात काय दगड भरलेस का?"

"चार थर आहेत. बाळ उघडं पडायला नको."

"तिकडे काय पांघरुणं मिळत नाहीत?"

बाईसाहेबांनी गोधडीची घडी केली. घडीवर हात फिरवला. मग शांतपणे म्हणाल्या, "गोधडी येणार नसेल तर मीही येत नाही. तुम्ही एकटे जा. लेकीला सांगा, आईचं वजन जास्त भरलं."

लग्नाला इतकी वर्षं झालेला कुठलाही नवरा ओळखेल की बायको ओरडते तेव्हा भ्यायचं कारण नसतं, ती शांत बोलते तेव्हा असतं. साहेबांनी ओळखलं. पण चौकोन राहिला होता आणि आता तो भरायचा म्हणजे लेकीपुढे हार. "प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे," ते म्हणाले. (पैसे वाचवायचे असले की माणूस हेच म्हणतो.) "गोधडी माझ्या बॅगेत येईल. पण बाकीचं मी सांगेन तसं."

मग घरात छळछावणी सुरू झाली. बाईंच्या बॅगेत बाळाची खेळणी, झबली, लेकीसाठी घेतलेल्या वस्तू. ती आधीच काठोकाठ होती. तिच्यातून साहेबांनी बाईंच्या दुसऱ्या चपला काढल्या. निम्मं वाचून झालेलं पुस्तक काढलं. ("राहिलेलं निम्मं फाडून ने हवं तर.") साबणाची वडी सुरीने अर्धी केली. दात घासायच्या दोन्ही ब्रशांचे दांडे कापले, त्यामुळे पुढे आठवडाभर दोघांना तोंडात बोटं घालून दात घासावे लागले. बाई म्हणाल्या, "माझी नखं कापून घेऊ का? तेवढंच हलकं." साहेबांनी ह्या सूचनेवर क्षणभर विचार केला, हे बाई अजून विसरलेल्या नाहीत.

स्वतःचे कपडे मात्र साहेबांनी बॅगेत घेतलेच नाहीत. अंगावर घातले. नियम बॅगेला आहे, माणसाला नाही! तीन सदरे, दोन पँटी, स्वेटर, त्यावर निवृत्तीच्या दिवशी मिळालेला कोट. कोटाच्या खिशात चार्जर, मोजे, दाढीचं सामान. निघायच्या वेळी त्यांना बूट घालायला वाकता येईना, तेव्हा बाईंनी जमिनीवर बसून त्यांच्या नाड्या बांधल्या. टॅक्सीवाल्याने आरशातून पाहून हळूच विचारलं, "काकू, काकांना थंडीताप आहे का?"

"ताप मला आहे," बाई म्हणाल्या.

साहेबांची बॅग निघताना सात किलोला किंचित कमी भरली होती. स्वतःच्या काट्यावर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. त्यामुळे विमानतळावरच्या खिडकीपाशी त्यांनी ती बॅग अशा ऐटीत काट्यावर ठेवली, की जणू आता बक्षीसच मिळायचंय.

काट्यावर लाल आकडे उमटले. सात किलो सातशे.

"सर, वजन जास्त होतंय," खिडकीतली मुलगी गोड आवाजात म्हणाली. तिचा गोडवा सवयीचा होता. "जादा भरावं लागेल, नाहीतर काहीतरी काढा. उघडता का?" साहेबांनी बॅगेची चेन ओढली. गोधडी फुगून वर आली. "हे पांघरूण काढा ना सर, एकदम हलकी होईल."

बाईसाहेबांनी पटकन पुढे होऊन गोधडीवर हात ठेवला. साहेबांनी तो हात पाहिला, बाईंचा चेहरा पाहिला, आणि त्यांच्यातला निरीक्षक कोटाखालून, स्वेटरखालून, तिन्ही सदऱ्यांखालून जागा झाला.

"बाई, तुमचा काटा खोटा आहे," ते खिडकीतल्या मुलीला म्हणाले.

"सर, मशीन आहे ते. खोटं कसं असेल?"

"सगळे दुकानदार हेच म्हणतात!"

"अहो, भरून टाका ना पैसे," बाई कुजबुजल्या. "लोक बघताहेत."

"बघू देत. लोकांसाठीच तर आहे हे. ह्या काट्यावर रोज किती लोक लुबाडले जात असतील!" मागच्या रांगेत कुणीतरी 'बरोबर आहे' म्हणालं. एवढं एक 'बरोबर' साहेबांना पुरलं. "मी सिद्ध करतो. आत्ता, इथे, सर्वांदेखत!"

आणि त्यांनी बॅगेत कोपरापर्यंत हात घातला, गोधडीच्या तळाशी चाचपलं, आणि मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. मोजा ओढला. आतून चकचकीत पितळ निघालं. एक किलोचं प्रमाणित वजन.

बॅग खाली उतरवून त्यांनी ते काट्यावर ठेवलं. एक किलो शंभर. रांगेतून 'ओहो' असा आवाज आला. एकाने टाळ्याही वाजवल्या. साहेबांनी मान किंचित झुकवून त्या स्वीकारल्या आणि कौतुकासाठी बायकोकडे वळले.

बाईसाहेब काट्याकडे बघतच नव्हत्या. त्या वजनाकडे बघत होत्या.

"हे बॅगेत होतं?"

"हो. म्हणजे..."

"एक किलो? माझ्या चपला काढल्यात. माझं पुस्तक काढलंत. माझा ब्रश कापलात! आणि हे पितळ घेऊन निघालात?"

पितळ उघडं पडणं म्हणतात ते असं. साहेबांनी घसा खाकरला. तीन कॉलरींमुळे तो नीट खाकरता येईना.

"लेक म्हणत होती, बाळाचं वजन घरीच करतात म्हणून," ते पायाकडे बघत पुटपुटले. (पाय दिसत नव्हते.) "घरचे काटे भरवशाचे नसतात गं. म्हटलं, आधी काटा तपासून घेऊ. मग बाळाला एकदा मी स्वतः... आपल्या हाताने..."

बाई रागावलेल्याच होत्या. पण तो 'आपल्या हाताने' ऐकून त्यांची नजर गोधडीकडे गेली. गोधडीच्या पायी आपण काय केलं असतं हे त्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात गलका ऐकून वरिष्ठ अधिकारी आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, वजन हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "काका, माफ करा. काटा आम्ही बदलतो. आणि तसंही आता हे वजन बाहेर निघालंय ना? बॅग परत ठेवा." बॅग ठेवली. काटा खोटा होता तरी आकडे सातच्या आत आले. "झालं! मिटलं. गोधडी घेऊन खुशाल जा."

मिटलं होतं. खरंच मिटलं होतं. बाईंनी बॅगेची चेन लावलीसुद्धा. शहाणा माणूस इथून निघून गेला असता.

"मिटलं कसं?" साहेब म्हणाले. "काटा खोटा असला तर तो खरा म्हणून पास कुणी केला? ह्यावर शिक्का असणार. शिक्का मारणाऱ्याने डोळे मिटून मारलाय! मी तक्रार करणार. लिहा. त्या माणसाचं पेन्शन थांबवलं पाहिजे."

अधिकाऱ्याने निमूटपणे खिशातून पेन काढलं. साहेबांचा वाचायचा चष्मा तिसऱ्या सदऱ्याच्या खिशात गाडला गेला होता. "अगं, तू वाच. काट्याच्या बाजूला शिशाचा शिक्का असेल. नंबर सांग."

बाईसाहेब वाकल्या. शिक्का पाहिला. बराच वेळ पाहिला. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "पुसट झालाय. काही दिसत नाही."

"पुसट? शिशाचा शिक्का पुसट होत नसतो!"

"झालाय. चला आता, विमान जाईल."

"असं कसं? सरक, मी बघतो." बाईंनी बाही धरली, ती सोडवून साहेब वाकले. आतल्या पँटची शिवण कुठेतरी टर्रकन उसवली, त्याचीही त्यांनी पर्वा केली नाही. शिक्क्याला नाक लावून, डोळे बारीक करून, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात त्यांनी वाचलं, "एक! आणि... चार!"

मग ते तसेच वाकून राहिले.

"चौदा," अधिकाऱ्याने लिहून घेतलं. साहेबांच्या डोळ्यांपुढे कचेरीतली शेवटची दुपार उभी राहिली. टेबलावर निरोपाचा केक, सहकारी हाका मारताहेत, हाच कोट घडी करून ठेवलेला, आणि कोपऱ्यात विमानतळावरून आलेले काटे तपासायचे राहिलेले. 'हे मोठ्या लोकांचे काटे, ह्यांचं काय तपासायचं,' असं म्हणून त्यांनी ते ठकाठक उरकले होते.

"काका? हे चौदा नंबर तुमच्या ओळखीचे आहेत का?"

साहेब अजून वाकलेलेच होते. उत्तर बाईसाहेबांनी दिलं.

"आहेत ओळखीचे. तसे स्वभावाने बरे आहेत. आता निवृत्त झालेत."

"सुटलो!" अधिकारी मनापासून म्हणाला.

वजन साहेबांनी तिथेच ठेवलं. परत येईपर्यंत काटे तपासायला होईल म्हणाले. विमानात ते खिडकीशिवायच्या जागेवर बसले. घामाने निथळत होते, पण कोट काढला नाही, कारण मागची शिवण कोटामुळेच झाकली जात होती. विमान वर गेल्यावर म्हणाले, "तू पुसट का म्हणालीस?"

"चष्मा नव्हता ना डोळ्यांवर? मग तुम्हालाही पुसटच दिसायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "पण नको तेव्हा तुमची नजर बरोबर तीक्ष्ण होते."

लेकीने दार उघडलं तेव्हा बाईंनी आधी गोधडी पुढे केली. लेकीने ती उलगडली, पिवळ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि आईच्या गळ्यात पडून रडली. मग बाळाला आणून गोधडीवर ठेवलं. बाळाने शाईच्या डागावर मूठ आपटली. साहेब कोटासकट खाली बसले (नंतर दोघींनी धरून उठवलं) आणि बाळाचं इवलंसं पाऊल हातात घेऊन नुसते बघत राहिले. त्यांचेही डोळे भरून आले होते.

"बाबा, छान वाढलाय ना?" लेक डोळे पुसत म्हणाली. "आजच वजन केलं. पाच किलो भरला!"

साहेबांनी मान वर केली. कपाळाला आठी पडली. तोंड उघडलं.

"हं, बोला," बाईसाहेब म्हणाल्या. "पण त्याआधी तिला विचारा, काट्यावर शिक्का कुणाचा आहे."