बोलका रांजण

नगर वस्तुसंग्रहालयाच्या दालन क्रमांक दोनमध्ये आठशे वर्षांपूर्वीचा एक रांजण होता आणि त्याच्यासमोर एकोणीस वर्षं तोच पहारेकरी होता. रांजणाच्या गळ्याशी कुंभाराच्या डाव्या अंगठ्याचा ठसा होता. तो दिसायला मान जरा वाकडी करावी लागे. पहारेकरी आल्यागेल्याला हाताला धरून तो दाखवायचा. त्या नोकरीत तेवढंच काय ते सुख होतं.

मग वरून परिपत्रक आलं: 'सर्व वस्तू तातडीने बोलक्या कराव्यात.' संचालकबाईंनी काचेवर क्यूआर कोड चिकटवला. मोबाइल धरला की रांजण स्वतःच बोलू लागे. आता एका दालनात दोन आवाज कशाला, म्हणून पहारेकऱ्याला लेखी समज मिळाली की त्याने तोंड बंद ठेवावं.

काच चमकते, कोड वाचला जात नाही, अशा तक्रारी आल्या. काचेला आतून काळा कागद लागला. कोड लहान पडतो म्हणून तो दरवाजाएवढा झाला. पुढे तज्ज्ञांची समिती आली. कागदामागे रांजण नुसता जागा अडवून बसलाय, हे त्या शहाण्यांच्या ध्यानात आलं. रांजण गोदामात गेला, त्याच्या जागी वाय-फायचं यंत्र बसलं. प्रेक्षक-सहभाग तिप्पट झाला, हे वेगळं सांगायला नको.

पहारेकरी संचालकबाईंकडे गेला.

"मॅडम, रांजण जागेवर नाही."

"ॲपवर नोंदवा," स्क्रीनवरची नजर न काढता त्या म्हणाल्या.

ॲपमध्ये तक्रारींचे चौदा प्रकार होते. 'आवाज कमी येतो' होता, 'वस्तूच नाही' नव्हता. त्याने 'इतर' दाबलं. लगेच आभार आले.

परवा एक म्हातारे गृहस्थ मुलाबरोबर आले. त्यांनी मुलाचा मोबाइल बाजूला सारला, काचेच्या पेटीभोवती एक चक्कर मारली आणि पहारेकऱ्याला विचारलं, "अहो, खरा रांजण कुठे ठेवलाय?"

गेली ती लेखी समज खड्ड्यात, असं मनाशी म्हणत पहारेकऱ्याने तोंड उघडलं.

"बाबा, त्यांना कशाला त्रास देताय," मुलगा म्हणाला. "सगळं यात आहे." आणि वडिलांना दंडाला धरून पुढच्या दालनात घेऊन गेला. जाताजाता त्याने पाच तारे दिले.

हसलात ना त्या मुलाला? मग सांगा, अंगठा डावा होता की उजवा? असू द्या, आता वर जाऊन बघू नका. तारे तेवढे देऊन टाका.